स्वेटरच्या आतली गाठ

गाठ तिळाएवढी होती. गळपट्टीच्या आत, बरोबर मधोमध. लहान मापाला एक, मधल्याला दोन, मोठ्याला तीन. आठ वर्षांत गटाने विणलेल्या शाळेच्या प्रत्येक स्वेटरला ती होती, कारण मापाचं लेबल न्याकिओला दिसत नसे. गटातल्या बाकी अकरा बायकांनाही नाही.

"ह्या गाठी तेवढ्या कापत जा, बाई," खरेदी अधिकारी गाथोगो दरवर्षी म्हणत. "दोष वाटतो. राखीव वाट्यातला माल म्हणून मी चालवून घेतो."

सरकारचा नियम होता. शाळांच्या स्वेटरांतला तिसरा हिस्सा अपंगांच्या एकाच सहकारी गटाकडून घ्यायचा. उरलेले खुल्या निविदेतून शहरातल्या कारखान्याकडे जात. त्या नियमावर बारा घरांच्या चुली पेटत होत्या. जानेवारीत शेजारच्या न्जाबिनी गावच्या अंध बायका विणकाम शिकून आल्या आणि विचारून गेल्या, "ताई, आमची पाळी कधी?" न्याकिओने चहा दिला. वाटा सोडून कारखान्याशी टक्कर घ्यायची का, हे गटाने तिच्यावर सोपवलं होतं. ती "बघू" म्हणत आली होती.

आज गाथोगो आले ते बसलेच नाहीत. त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटला.

"पन्नास स्वेटर परत आलेत. एका धुण्यात बाह्या कोपरापर्यंत चढल्या. लेबलंही निघून गेलीत. मुख्याध्यापक म्हणतात, आंधळ्यांकडून घेतलं की असंच व्हायचं. तुमचा वाटा मला थांबवावा लागेल."

विणायची यंत्रं थांबली. किनांगोप पठारावरचा गार वारा तेवढा पत्र्यावर वाजत राहिला.

न्याकिओने वरचा स्वेटर ओढला. अंगठा गळपट्टीच्या आतून फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग दुसरा घेतला. बायका उठल्या, चाचपत आल्या, त्यांनीही एकेक उचलला.

"माझ्यात नाही," म्हातारी वाइरेरी म्हणाली.

"ह्यातही नाही गं."

"काय नाही?" गाथोगो वैतागले.

"गाठ, साहेब. कापायला सांगत होता ना, तीच." वाइरेरी खुदकन हसली. "दिवा लावू का? आम्हाला लागत नाही, पण तुम्हाला लागेल."

गाथोगोंनी एकेक गळपट्टी उलटली. पन्नासच्या पन्नास. मग खुर्ची करकरली. ते बसले होते.

"म्हणजे हा कारखान्याचा माल." त्यांनी हातातला स्वेटर खाली ठेवला. "चुकलं माझं, बाई. तुमचा वाटा कायम. मी आहे तोवर कुणी हात लावणार नाही."

बायकांनी जिभा हलवून आनंदाचा असा गजर केला की पत्रा थरथरला. न्याकिओ त्यात मिसळली नाही. तिने समोरच्या स्वेटरची नीट घडी केली. गाठ असायला हवी होती तिथे तिचा अंगठा थांबला होता.

"वाटा नको, साहेब," ती म्हणाली. गजर थांबला. "तो न्जाबिनीच्या बायकांना द्या. आमचं नाव कारखान्यासमोर लिहा, खुल्या निविदेत. गाठीसकट."