दर गुरुवारी मरणारा माणूस

हिमानीने जेवणाचा डबा शेजारच्या म्हाताऱ्याच्या टेबलावर ठेवला आणि पुन्हा खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. विमानतळाची शटल अजून आली नव्हती. समोर तिच्या टाउनहाउसच्या दारामागे दोन बॅगा भरून उभ्या होत्या. तिचा नवरा शंतनू ऑफिसच्या कामासाठी दूर हर्नडनला गेला होता, शुक्रवारी परतणार होता. तोवर ती पुण्याला पोचलेली असणार होती, आणि त्याला याचा पत्ताच नव्हता.

"बस ना," म्हातारा रे कोर्डेल इंग्रजीत म्हणाला. "मी आता मरणारच आहे."

मरणार होता तो टीव्हीच्या पडद्यावर. फ्रीमाँटच्या त्या गल्लीत कुणाला सांगून खरं वाटलं नसतं, पण हा शेजारी एके काळचा नट होता. पन्नास-साठच्या दशकात घोड्या-बंदुकांच्या मालिका चालत, त्यांत तो असायचा. रंग सावळा आणि नाक गरुडाचं, मग नायक कोण करतो? कधी मेक्सिकन दरोडेखोर, कधी अरब शेख, आणि बहुतेक वेळा डोक्याला पिसं खोचलेला रेड इंडियन सरदार. दर गुरुवारी मालिकेचा भाग संपायच्या आत त्याला गोळी लागायची. आपला बाप मेक्सिकन होता, असं तो सांगायचा.

त्याच्या प्रत्येक सवयीमागे एखादी भूमिका होती. दारात चपला काढायचा, ते सरदार असताना तंबूत शिरण्याची सवय म्हणून. हिमानीने आणलेला वरणभात हाताने कालवून खायचा, ते शेख असताना शिकला म्हणून. हिमानीला गंमत वाटायची. पुण्यात ती वकिली करायची. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. तीन वर्षं घरात बसून जीव नुसता उबून गेला होता. दुपारी डबा घेऊन यायचं आणि म्हाताऱ्याच्या जुन्या कॅसेट बघायच्या, एवढाच काय तो विरंगुळा.

तिचा फोन वाजला. नेपरव्हिलहून तिची मोठी बहीण आश्लेषाताई होती. म्हाताऱ्याने कॅसेट थांबवली. हिमानी सोफ्यावरून उठलीसुद्धा नाही. या देशात मराठी म्हणजे स्वतःची खोली. चारचौघांत बसावं आणि दार लावून घ्यावं. म्हाताऱ्याच्या समोर बसून तिने आजवर बहिणीला काय काय सांगितलं होतं.

"निघालीस?" ताईने विचारलं.

"शटलची वाट बघतेय. म्हाताऱ्याकडे आहे. आज परत मरतोय तो."

"शंतनूला फोन केलास?"

"नाही. पोचल्यावर मेल टाकीन."

"असं कसं गं? तो मारत नाही, पीत नाही. त्याने करायचं काय, रिकाम्या घरात येऊन?"

"काहीच करत नाही तो, तेच तर. रोज संध्याकाळी फोन करून 'जेवलीस का' विचारतो, आणि मी बोलत असताना तो टाइप करत असतो. मला कीबोर्ड ऐकू येतो, ताई. धड भांडायलासुद्धा काही सापडत नाही."

"मग तेच सांग त्याला. निदान 'येते' तरी म्हण. शेजारच्या घरातून निघताना पण म्हणतो आपण."

"येते कसं म्हणू? यायचंच नाहीये मला." तिला रडू फुटलं. "आणि त्याचा आवाज ऐकला तर माझा पायच निघायचा नाही. ठेवते."

म्हाताऱ्याने तिच्याकडे न बघताच टिश्यूचा डबा पुढे सरकवला. रडणं कळायला भाषा थोडीच लागते. हिमानीने डोळे पुसले.

"सगळं ठीक?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"बहीण होती. रेसिपी विचारत होती."

"अवघड दिसते रेसिपी," तो म्हणाला आणि कॅसेट सुरू केली.

हा प्रसंग तिला पाठ होता. सरदाराला गोळी लागते, तो कड्यापाशी कोसळतो, आभाळाकडे बघत त्याचे ओठ हलत राहतात. नेमका तिथे म्हातारा दर वेळी आवाज बंद करायचा. तिने एकदा विचारलंही होतं, काय बोलता तुम्ही तिथे?

"डायरेक्टर म्हणाला, काहीतरी परकं बडबड. कोणाला कळणार आहे? मी बडबडलो."

"मग आवाज का बंद करता?"

"अभिनय वाईट आहे माझा तिथे," म्हणून त्याने तेव्हा विषय टाळला होता.

बाहेर हॉर्न वाजला. हिमानी ताडकन उठली. म्हाताऱ्याच्या घराची किल्ली तिच्याकडे असायची, ती तिने जेवणाच्या डब्याच्या आडोशाला ठेवली. त्यालाही खरं सांगायचं धैर्य तिला झालं नाही.

"भेटू उद्या, मिस्टर कोर्डेल," ती म्हणाली.

पडद्यावर सरदार कोसळला. म्हाताऱ्याने सवयीप्रमाणे रिमोट उचलला, पण आज आवाज बंद झाला नाही. तो वाढत गेला, घोड्यांच्या टापांनी खोली भरून गेली. हिमानी एक पाय बुटात घालून दारातच थांबली.

टापा दूर गेल्या. काळ्या-पांढऱ्या आभाळाकडे बघत, पिसं खोचलेला तो सरदार स्वच्छ मराठीत म्हणाला, "आई, येतो म्हणायचं राहूनच गेलं गं."