तर्जनी

"हे बोट एकट्याने हलेल का?" त्याने विचारलं.

टेबलावर ठेवलेल्या कृत्रिम हाताची तर्जनी त्याने आपल्या डाव्या हाताने उचलून धरली होती.

"हलेल," ती म्हणाली. "कशासाठी हवंय?"

"ते लिहून द्यावं लागतं का?"

"नाही."

"मग राहू दे." तो हसला आणि त्याने बोट सोडलं. ते टेबलावर टक्कन वाजलं.

बॅटरी आणायला ती मागच्या खोलीत गेली. तिथे वहिनी खांद्याचे पट्टे कापत होती. तिची कात्री थांबली.

"बोट हवंय त्याला. कुठलं, तेही दारातून पाहिलं मी."

"हळू बोल."

"का? त्याने कुठे हळू गोळी झाडली होती?"

पंधरा वर्षांपूर्वी गोदामातली चोरी पकडली म्हणून या माणसाने तिच्या भावाला, वहिनीच्या नवऱ्याला, तिथल्या दारातच दोन गोळ्या घालून मारलं होतं. खटला चालला तेव्हा नणंद-भावजय शेवटच्या बाकावर बसायच्या. त्याने एकदाही मान वर केली नाही. त्यामुळे आजही त्या कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. शिक्षा भोगताना सुतारकामाच्या करवतीने त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. गेल्या महिन्यात तो सुटला आणि सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन सरळ या केंद्रात आला. इथे हात बसवणारी ती एकटीच होती.

"बंद करून टाक ते बोट," वहिनी म्हणाली. "बाकीच्यांबरोबर मिटेल. पेला धरेल, दार उघडेल. आणखी काय हवंय मेल्याला? कुणी विचारणारसुद्धा नाही."

ते खरं होतं. संगणकावर तर्जनीच्या नावापुढे एक चौकोन होता. त्यातली खूण काढली की काम झालं.

"मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, वहिनी."

"कर की. माझी कुठे ना आहे? येशूने सांगितलंय, वैऱ्यावर प्रेम करा. चर्चमध्ये ते वाचायला लागले की मला खोकला येतो, एवढंच. पण वैऱ्याला हत्यार जोडून द्या, असं कुठे सांगितलंय ते दाखव."

तिला दाखवता आलं नसतं. ती बॅटरी घेऊन वळली.

"ताई," वहिनी मागून म्हणाली. या वेळी तिचा आवाज खाली आला होता. "माझी पोर शाळा सुटली की इथेच येते. याच दारातून."

ती बाहेरच्या खोलीत आली. पंधरा वर्षं तिने त्याच्यासाठी प्रार्थना केली होती, एक दिवसही न चुकवता. ते फारसं अवघड गेलं नव्हतं. तुरुंगाच्या भिंतीपलीकडचा माणूस दोन वाक्यांत मावायचा. आता तो बाही वर सारून समोर बसला होता. त्याच्या अंगाला स्वस्त साबणाचा वास येत होता आणि त्याला एक बोट हवं होतं.

तिने कृत्रिम हाताची खोबण त्याच्या थोट्या मनगटावर चढवली. आतले, स्नायूची हालचाल टिपणारे दोन्ही संवेदक कातडीला नीट टेकले आहेत ना, ते पाहिलं. पडद्यावर त्याच्या स्नायूची हिरवी रेघ उमटली. तिने माउस चौकोनावर नेला. बराच वेळ तिथेच ठेवला. एक बोट बंद ठेवलं, तर आणखी एक तुरुंग उभा राहणार होता आणि त्याची किल्ली तिच्या खिशात असणार होती.

तिने खूण तशीच राहू दिली.

"मूठ आवळा."

मोटर गुणगुणली. त्याच्या मुठीतला कागदी पेला चुरगळला. तिने दुसरा दिला. तोही चुरगळला.

"किती दाबतोय ते कळतच नाही हो मॅडम."

"कळणार नाही. या हाताला स्पर्श नाही. समोरच्याकडे बघून थांबायचं." तिने आपला उजवा पंजा त्याच्या नव्या बोटांमध्ये ठेवला. "आता हा धरा. खाली बघू नका, माझ्या चेहऱ्याकडे बघा. दुखलं तर तिथे दिसेल."

त्याने मान वर केली.

तिचं कपाळ भावाचं होतं. भुवया भावाच्या होत्या, डोळेही. वहिनीसुद्धा तिच्याकडे फार वेळ बघत नसे.

तो बघतच राहिला. हसू ओठांवर होतं तसं राहिलं आणि मग गेलं. पडद्यावरची रेघ चढू लागली. बोटं मिटत गेली, तर्जनी सर्वांत शेवटी.

"तुम्ही... त्याच्या...?"

"बहीण."

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकली. तिची बोटं पांढरी पडली. सांध्यात काहीतरी कडकन वाजलं. तो घाबरला होता की चिडला होता, हे तिला सांगता आलं नसतं. स्नायूला दोन्ही सारखंच. त्याच्या डोळ्यांतही अजून काही ठरलेलं दिसत नव्हतं.

वहिनी कात्री घेऊन दारात आली. "ताई, बॅटरी काढ! आधी काढ ती!"

बॅटरीचं बटण तिच्या डाव्या अंगठ्याखालीच होतं. ते दाबलं असतं तर हात आपोआप उघडला असता. त्याने तो उघडायची गरज उरली नसती.

तिने अंगठा उचलला. डावा हात त्याच्या दगडासारख्या ताठरलेल्या दंडावर ठेवला.

"सैल सोडा," ती म्हणाली. "हे तुम्हालाच करावं लागेल. मी थांबते."