चार बोटं कापड

"आजी, कुठल्या तोंडाने आलात इथे?"

काकूंनी शिलाईचं मशीन थांबवलं नाही. दुकानाच्या पायरीवर टिल्लूची आजी उभी होती, हातात कापडी पिशवी. गेल्या वर्षी याच टिल्लूने मैदानावर काकूंच्या एकुलत्या एका मुलाच्या पोटात चाकू खुपसला होता; तो वाचला नाही. टिल्लूला तेव्हा सोळा पूर्ण, अठरा अपुरी, म्हणून उद्या कोर्टात ठरणार होतं, त्याला पोर धरायचं की मोठा माणूस. पोर ठरला तर काही वर्षं सुधारगृह. मोठा ठरला तर उभा जन्म तुरुंग. काकूंनाही विचारणार होते, कारण तो त्यांच्या डोळ्यांदेखत वाढलेला. नवऱ्याने त्यांच्याकडून उत्तर घोकून घेतलं होतं: मोठा होता, त्याला सगळं कळत होतं.

"पँट घोट्याच्या वर गेलीय त्याची," म्हातारी खाली बघत म्हणाली. "दुसरं कुणी हात लावायला तयार नाही. आत कापड आहे ना? वाढलास की घेऊन ये, असं तुम्हीच म्हणाला होतात त्याला."

म्हणाल्या होत्या खऱ्या. पोरांच्या पँटला काकू खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवत. पोरगं वाढलं की दुमड उसवून द्यायची, फुकट. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ही पँट नि त्यांच्या लेकाची पँट एकाच ताग्यातली, एकाच दिवशी बेतलेली. म्हातारीचा नातू वर्गात सगळ्यात बुटका. माप घेताना काकू हसून म्हणाल्या होत्या, "अरे टिल्ल्या, तुझी दुमड उसवेपर्यंत मी म्हातारी होईन की रे!" लेक पोट धरधरून हसला. तेव्हापासून म्हातारीचा पोरगा गल्लीचा टिल्लू झाला. मैदानावर भांडण झालं तेही त्याच नावावरून. आता चिडवतात सगळीच पोरं, म्हणून कुणी चाकू काढतं का? काकू रोज स्वतःला हेच विचारत. तरी तो विनोद घासागणिक घशाशी यायचा.

"चालत्या व्हा," त्या म्हणाल्या.

"राहू दे. दे वाढवून," आतून पडदा सारत नवरा बाहेर आला. "संध्याकाळी घेऊन जा, आजी."

म्हातारीने दोघांना हात जोडले आणि डोळे पुसत गेली. काकू नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

"बघतेस काय? आखूड पँटीत पोर दिसेल तो," नवरा हळूच म्हणाला. "पायघोळ घातली की चांगला बाप्या दिसेल. दिसू दे की न्यायाधीशांना."

काकूंनी पँट मांडीवर घेतली. तुरपाई त्यांच्याच हातची, बारीक. टाका टाका उसवत गेला. वापरून, धुऊन वरचं कापड विटकं झालं होतं. आत दुमडलेलं मात्र दुकानातून आणल्यासारखं गर्द निळं. इस्त्रीने जुनी घडी मोडली, पण रंग कसा मोडणार? खाली गडद पट्टी उठून दिसायला लागली.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. समोरची वाणीण मुद्दाम येऊन म्हणाली, "काय मन आहे हो काकू तुमचं! आम्ही तर त्याच्या तोंडावर थुंकलो असतो." काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसलं मन नि कसलं काय. सुईदोऱ्याने पोराला फासात अडकवत होत्या त्या, आणि गल्ली पाया पडायला निघाली होती. बरं, वाईट वाटतंय म्हणावं तर तेही कुणासाठी? ज्याने आपला लेक मारला त्याच्यासाठी? लेकाच्या फोटोकडे बघायची त्यांना लाज वाटली.

कोर्टाची खोली लहान होती. एका बाकावर म्हातारी, दुसऱ्यावर हे दोघं. टिल्लूला आणलं. नवऱ्याचं खोटं नव्हतं. पोरगा ताडमाड झाला होता. ओठावर लव, आवाज फुटलेला. पँट बुटापर्यंत आलेली.

"अंगापिंडाने पुरता माणूस आहे, मॅडम," सरकारी वकील म्हणाले. "काय करतोय ते याला कळत नव्हतं, असं कोण म्हणेल?"

न्यायाधीशबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग काकूंकडे वळल्या. "तुम्ही याला लहानपणापासून बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

काकू उठल्या. नवराही बाजूला उठून उभा राहिला आणि त्याने त्यांचा हात धरला. घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. इतक्यात टिल्लूने त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. त्याच्या नजरेमागोमाग काकूंची नजर खाली गेली. विटक्या निळ्याखाली चार बोटं गर्द निळं.

"मॅडम, ती पँट मी शिवलेली आहे," काकू म्हणाल्या. "उंच दिसावा म्हणून मीच काल ती वाढवून दिली. ती खालची गडद पट्टी बघा. माझ्या लेकाला त्याने मारलं, तेव्हा ती आत दुमडलेली होती. एवढासाच होता तो."

नवऱ्याच्या बोटांनी मनगट करकचून आवळलं. काकूंनी ते सोडवून घेतलं नाही.

"माझ्या लेकाच्या पँटची पट्टी अजून आतच आहे."