डबलसीट

नालवाडीहून शाळेत जायला आम्हां दोघींत एकच सायकल होती. मी चालवायची, कोकिळा मागे कॅरिअरवर. आज उशीर झाला तर चाचणीला बसू देणार नव्हते, आणि नेमकं चढावर पेडल हलेना.

"उतर ना वं! काऊन बसून राह्यली?" मी ओरडले.

कॅरिअर कुरकुरलं. खांद्याला दप्तर अडकवून कोकिळा तरातरा पुढे निघाली. सायकल मात्र तशीच जड. चाकात हवा होती, चेन जागेवर होती.

तेवढ्यात शाळेची घंटा झाली. संतापाने मला रडूच आलं. "उतर म्हटलं ना!" मी सायकललाच दरडावलं.

"मी त कवाचीच उतरली," लांबून कोकिळा म्हणाली.

माझ्यामागे कॅरिअर पुन्हा कुरकुरलं. सायकल एकदम हलकी झाली.

पुढे चालणारी कोकिळा थबकली. मागे न वळताच चिडून म्हणाली, "नलू, मायं दप्तर नको ना ओढू!"