अल्टरनेटरची वायर

विज्ञानापुढे जगातलं कोणतंही गूढ टिकत नाही, असं मी आयुष्यभर छापून सांगितलं. माझ्या जुन्या अँबॅसिडरने मात्र त्यातली एकही ओळ वाचलेली नसावी.

वऱ्हाड टेम्पोने पुढे गेलं होतं. माझ्या श्रेयाला गोरज मुहूर्ताआधी लोणीच्या मांडवात पोचवायचं होतं, आणि डिंगोऱ्यातच बॉनेटमधून जळका वास आला. नवरी रसवंतीत सावलीला बसली.

तिथल्या गॅरेजच्या रामनाथ मिस्त्रीने अल्टरनेटरच्या वायरला बोट लावलं आणि झटकलं. "भाऊ, लोड लई हाय. मागं कायतरी चालूय."

"दिवेसुद्धा बंद आहेत, राव."

त्याने जाड वायर टाकली. तीही तापली. मग त्याने हॉर्न सोडवला, दिव्यांच्या वायरी सोडवल्या. तरी अँपमीटरचा काटा खाली आला नाही.

"मागं पंखा हाय का?"

"होता. सासूबाईंना वाऱ्याशिवाय प्रवास सोसायचा नाही. त्या गेल्या, तसा काढून माळ्यावर टाकला."

रामनाथ मागच्या सीटवर वाकला. छताखाली स्क्रूची दोन भोकं तेवढी होती. त्याने तिथं हात धरला आणि चटकन मागे घेतला.

"हळू न्या," एवढंच म्हणून, माझ्याकडे न बघता त्याने बॉनेट लावलं.

धुळीमुळे काचा बंदच ठेवल्या होत्या. नारायणगाव ओलांडलं, तसा काटा आणखी वर सरकला. पुन्हा जळका वास येतो का, हे मी हुंगत होतो.

"बाबा," मागून श्रेया म्हणाली, "पंखा जरा कमी करा ना. मुंडावळ्या उडतायत."