कवळी

कल्याणने जेवणानंतरही दात घासायला सुरुवात केली, तेव्हाच पंकजाच्या मनात पाल चुकचुकली.

लग्नाला अठरा वर्षं झाली, घरात दोघंच. एवढ्या वर्षांत हा माणूस सकाळी बोटावर मशेरी घ्यायचा, दोनदा फिरवायचा आणि चूळ भरून दुधाच्या टेम्पोवर बसायचा. आता मऊ ब्रश आला, जीभ घासायची पट्टी आली, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या. खिशातली तंबाखूची पुडी जाऊन तिथे बडीशेप आली.

तोंडाला वास येतो म्हणून ती बारा वर्षं कानीकपाळी ओरडत होती. तेव्हा हूं नाही की चूं नाही. मग आता हा कोणासाठी तोंड धुतोय? पंचेचाळिशी ओलांडलेल्या गड्याला हिरड्यांचा पुळका उगाच येत नाही. पंकजाच्या जिवाचा नुसता जळफळाट झाला.

त्यात मंगळवार. एरवी संगमनेरला डेअरीत दूध उतरवलं की तो दुपारी घरी यायचा. मंगळवारी मात्र दिवेलागण व्हायची. विचारलं की एकच उत्तर, “अकोल्याला काम हुतं.” तिने मनातल्या मनात संगमनेर-अकोले रस्त्यावरच्या सगळ्या बायका तपासून पाहिल्या. मेल्या सगळ्यांचेच दात तिला पांढरे आठवले. मग आरशात स्वतःचे पाहिले, मशेरीने काळवंडलेले, आणि आरसा पालथा घातला.

एका संध्याकाळी टेम्पोच्या आडून त्याचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं.

“कवळी हाय रे अजून. लई जपावं लागतं. सवय व्हायला येळ लागनारच. न्हाई, घरी एवढ्यात न्हाई आनत.”

कवळी! पंकजाच्या डोळ्यांपुढे एक बाई उभी राहिली. कवळ्या काकडीसारखी, फार तर पंचविशीची. त्या रात्री तिने जेवायला वाढलं, पण ताट आपटून.

सकाळी तो मोरीपाशी ब्रश करत होता. ती दारात आडवी उभी राहिली.

“ही कवळी कोन हाय?”

त्याचा हात थांबला. मग थांब म्हणून त्याने एक बोट वर केलं आणि पुन्हा घासू लागला. वरचे, खालचे, आतल्या बाजूने, दाढांच्या मागे. पुरी दोन मिनिटं. तोवर तिचा जीव टांगणीला लागला होता. तो थुंकला, चूळ भरली, पंच्याने तोंड पुसलं आणि खो खो हसत सुटला.

“अगं खुळे, दाताची कवळी! बनुआत्याची!”

बनुबाई म्हणजे त्याची सख्खी आत्या. अकोल्याच्या पुढे डोंगरातल्या वाडीत ती एकटीच राहायची. तिथे फोनला धड रेंजही नव्हती.

“मशेरीनं समदे दात गेले तिचे, तोंडाचं पार बोळकं झालंय,” कल्याण सांगत होता. “मंगळवारी तिला डॉक्टरकडं न्यावं लागतं, माप द्यायला. त्यानं माजं बी तोंड बघितलं. म्हनला, हिरड्यातनं रगत येतंय, आत्तापासनं सांभाळा, न्हाईतर तुमची बी हीच गत.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“तिनं शपथ घातलीया. सुनंला बोळकं तोंड कसं दावू म्हनती.”

पंकजाला आठवलं. आत्याबाई लग्नाकार्यात भेटायच्या तेव्हा तोंडाला पदर लावूनच बोलायच्या. त्यांचे दात तिने कधी पाहिलेच नव्हते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असल्या भल्या माणसावर आपण काय काय आळ घेतले!

मशेरीचा डबा तिने त्याच दिवशी उकिरड्यावर टाकला. कल्याणने तिच्यासाठीही मऊ ब्रश आणला. “दाबू नको, हिरडी सोलंल. गोल गोल फिरव,” असं म्हणत त्याने तिचा हात धरून शिकवलं. तिने बोटभर फेस त्याच्या गालाला लावला. कितीतरी वर्षांनी ती दोघं अशी हसली.

तरी मंगळवार आला की तिला खुपायचंच. आता तिला आत्याचा हेवा वाटू लागला. आठवड्यातला अख्खा दिवस त्या म्हातारीला, आणि आपल्या वाट्याला काय? एका बोळक्या तोंडाच्या बाईवर आपण जळतोय याचं तिचं तिलाच हसू यायचं, पण जळणं काही थांबेना. शेवटी तिने ठरवलं, आत्याचं सगळं आपणच करायचं. दवाखान्याला आपण नेऊ, खाऊपिऊ आपण घालू. म्हणजे नवऱ्याचा मंगळवार घरी येईल.

शुक्रवारी तो दुधाला गेल्यावर तिने शिरा केला, भरपूर तुपातला, न चावता गिळता येईल असा. अकोल्यापर्यंत एसटीने आणि पुढे जीपने ती वाडीवर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

बनुबाई ओट्यावर बसल्या होत्या. पंकजाला पाहताच त्या धडपडून उठल्या आणि पदर तोंडाशी गेला. पंकजाने वाकून पाया पडत त्यांचा हात धरला.

“आत्याबाई, लाजू नका. ह्यांनी मला समदं सांगितलंय. आता मी हाय बघायला. कवळी कशी हाय?”

म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पदर सुटला आणि ती तोंडभरून हसली. वर-खाली घट्ट दातांच्या दोन रांगा. एकही दात पडलेला नव्हता.

“सांगितलं व्हय त्यानं? लई मोठ्या मनाची गं तू! मला निसता घोर लागला हुता.” तिने उघड्या दाराकडे मान वळवली आणि आवाज खाली आणला. “बरी हाय. आत पडलीया जरा. पाचवा लागलाय न्हवं तिला.”