पुढच्या वर्षी इजिप्त

पिरॅमिडसमोरच्या दगडावर मुकुंदरावांनी नाशिकहून आणलेली गूळपोळी ठेवली आणि ते चार पावलं मागे सरकले.

बायकोच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तिच्या इजिप्तच्या हट्टाला जन्मभर "पुढच्या वर्षी" म्हणणाऱ्या मुकुंदरावांनी हात जोडले होते. "नेतो बाई, नक्की नेतो!" कावळा लगेच शिवला. तिने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवल्याची ती पहिलीच वेळ.

इथला करड्या अंगाचा कावळा मात्र पोळीकडे नुसताच बघत बसला.

"बाबा, हा इजिप्तचा कावळा. त्याला आपले विधी कुठे ठाऊक?" मुलगा म्हणाला. "चला, बस सुटेल."

"गप रे. तिचं आणखी काहीतरी राहिलं असणार."

मुकुंदराव आठवू लागले. सदतीस वर्षांच्या संसारात त्यांना तिची एवढी एकच इच्छा माहीत होती.